चौथा पाय

“मरियामाता माझ्या घरात दुकानातल्या टेबलावर उभी राहणार नाही!” पॉलने अख्ख्या मरोळ गावठाणासमोर जाहीर केलं होतं. अख्खं गावठाण म्हणजे शेजारची फ्रेडा आणि तिचा कुत्रा. कुत्र्याने हरकत घेतली नाही.

ऑक्टोबरात मातेची मूर्ती घरोघर फिरते. आज पॉलच्या घरची पाळी होती, आणि त्याने स्वतः करायला घेतलेल्या टेबलाला धड पाय तीनच होते.

जाड लाकूड मिळालं नव्हतं. मुलाच्या, ब्रायनच्या, जुन्या पलंगाच्या पातळ फळ्या तेवढ्या होत्या. तीन-तीन फळ्या सरसाने चिकटवायच्या, करकचून आवळायच्या आणि सुकल्या की रंध्याने तासत खाली निमुळत्या करत न्यायच्या. पहिला पाय इतका देखणा झाला, की त्याच्याकडे बघण्यातच पॉलचा आठवडा गेला. चौथा त्याने आज सकाळी चिकटवला, दुपारी ओलाच तासला आणि ठोकून टाकला.

मूर्ती दारात आली, तेव्हा त्या पायाच्या फळ्या एकमेकींवरून हळूच सरकायला लागल्या होत्या.

पर्पेच्युआने ते पाहिलं. नवऱ्याचा दंड धरून ती कुजबुजली, “ब्रायनच्या बोटीचा अजून पत्ता नाय, पॉल. कंपनी फोन उचलत नाय. आज माता नुसती हलली जरी, तरी माझं पोर गेलं समज.”

टेबलावरची चादर पॉलने जमिनीपर्यंत ओढली आणि खाली शिरला.

मूर्ती टेबलावर ठेवली गेली आणि रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, सुरू झाली. चादरीआड पॉल चौथा पाय दोन्ही हातांनी आवळून बसला. सरस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ‘ब्रायन’ म्हणताना वर पर्पेच्युआचा आवाज दर वेळी फुटायचा, आणि दर वेळी खाली पॉलची पकड घट्ट व्हायची.

“यजमान कुठंय गं?” कुणीतरी विचारलं.

“असेल गुत्त्यावर,” फ्रेडा म्हणाली. “मातेच्या दिवशी पन!”

शेवटचं आमेन झालं. प्रार्थनेनंतर वाटायच्या उकडलेल्या चण्यांचा वास सुटला. आता एकेक जण पुढे येणार, टेबलावर रेलून मूर्तीच्या पाया पडणार. फ्रेडा सगळ्यांत आधी उठली. अंगाने ती भरभक्कम.

चादरीखालून एक बरबटलेला हात बाहेर आला आणि त्याने तिच्या झग्याचं टोक धरलं.

“फ्रेडाबाय,” आतून आवाज आला, “अजून एक रोझरी घे ना. सरस ओला हाय.”