एकतीस नंबरच्या पोर्टवरचा फोन

प्रेबेनने एंटर दाबलं आणि तिन्ही मजल्यांवरचे नवे फोन एकेक करून जागे व्हायला लागले.

फोनच्या केबल ज्या पेटीच्या पोर्टांत खोचतात, त्या नव्या स्विचची गंमतच ती होती. फोनला वेगळी वीज द्यावी लागत नाही, नेटवर्कच्या केबलमधूनच ती पोचते. आणि वीज मिळाली रे मिळाली की फोन स्वतःहून सांगतो, मी अमुक ठिकाणचा, अमक्याचा. नावं कोपनहेगनच्या मुख्यालयात आधीच भरलेली असतात. एस्बियरच्या कचेरीत बसलेल्या प्रेबेनने फक्त सगळे आले का ते बघायचं. नऊला शुक्रवारची सगळ्यांची एकत्र न्याहारी होती, त्याआधी हे काम हातावेगळं करायच्या घाईत तो होता.

एकतीस नंबरच्या पोर्टपाशी तो थबकला. ती तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. जुने साहेब निवृत्त झाल्यापासून रिकामी. स्क्रीनवर आलं होतं : बोडिल लाउरिडसन, विभागप्रमुख.

काहीतरी चुकलं असणार. बोडिल तर त्यांची कामगार प्रतिनिधी होती. प्रेबेननेच तिचं नाव सुचवलं होतं, एकदा नाही, दोनदा. तांत्रिक विभागाचं काम बाहेरच्या कंपनीला देणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा हीच बाई उपाहारगृहात सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आधी माझ्याशी गाठ आहे. त्या विभागातल्या चौघांतलं एकही माणूस जाणार नाही."

त्याने स्वतःच्या टेबलाचा पोर्ट शोधला. चौदा. 'बाहेरची सेवा, टेबल एक.' खाली पंधरा, सोळा, सतरा. हेनिंग, आनेटे आणि मॉर्टनची टेबलं. त्यांचीही नावं गेलेली, नुसते आकडे उरलेले.

तो जिने चढून कोपऱ्यातल्या खोलीत गेला. फोन झगझगीत चालू होता. खिडकीत त्याच्यासोबत आलेला विजेचा अडॅप्टर पडला होता, वायर नीट गुंडाळून वर केसांचा लाल रबर बांधलेला. अशी वायर कचेरीत एकच बाई बांधते. अडॅप्टर काढला की फोन सोमवारपर्यंत मुका राहील, असा हिशेब असणार तिचा. फोनला वीज कुठून येते हे तिने कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर प्रेबेनने हौसेने समजावलं असतं.

स्वयंपाकघरात बोडिल एकटीच होती. आज ब्रेड आणायची पाळी तिची. ती गरम पाव कापत होती.

"ये रे. खसखशीचा तुझ्यासाठी बाजूला ठेवलाय."

"एकतीस नंबर चालू झाला, बोडिल."

तिचा हात थांबला. "कुठला एकतीस?"

"तुझा. अडॅप्टर काढून काही होत नाही गं त्याला."

ती लालबुंद झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "सोमवारी सांगणारच होते. सगळ्यांना एकदम. माझ्या हातात काही राहिलं नव्हतं, प्रेबेन."

"खोली तर राहिली की."

"असं बोलू नकोस."

"मला तरी सांगायचंस. चोवीस वर्षं शेजारी बसतोय आपण."

बोडिलने पावाचे तुकडे उगाचच सरळ केले. "तुला आधी सांगितलं असतं, तर तू आज हे फोन लावून दिले असतेस?"

आज सकाळी सातपासून प्रेबेन शीळ घालत काम करत होता.

दार उघडून हेनिंग, आनेटे आणि मॉर्टन आत आले. "काय वास सुटलाय!" हेनिंग म्हणाला. "पोटात कावळे ओरडतायत. आमच्या बोडिलची पाळी असली की चैन बुवा!"

"कॉफी नंतर," प्रेबेन म्हणाला. "आधी तिसऱ्या मजल्यावर चला. एक फोन दाखवायचाय. मग तुमच्या टेबलांवरचे दाखवतो."

"आत्ता? पाव गार होतील की," आनेटे म्हणाली. पण प्रेबेनचा चेहरा बघून तिने हातातली बशी परत ठेवली.

"बसा ना," बोडिल म्हणाली. "बसा, मी सांगते. खाता खाता सांगते."

कुणीच बसलं नाही.