जांभळं पाणी
साताऱ्याहून देवासला आलेल्या विसाजी शिंप्याने दारोदार फिरून माणसं जमवली आणि ही विहीर खणवली. यंदा पटकी आली, तेव्हा गावातून एकही तिरडी निघू नये म्हणून विहिरीत टाकायच्या औषधाची पुडीही त्यानेच दवाखान्यातून आणली. किती टाकायचं, हे विचारायचं राहून गेलं. त्याने सगळंच ओतलं. पाणी जांभळं झालं. घागरी घेऊन आलेल्या बायका मागे सरल्या. "दक्खनी ने जेर घोल्यो!" कुणीतरी ओरडलं. हे विष नाही हे दाखवायला विसाजी लोटाभर पाणी प्यायला. शेजारची रामकुंवर म्हणाली, "थारो कई? पेलां थारी छोरी के पिला!" लेकीला पाजायचं म्हणताच विसाजीने लोटा खाली ठेवला. आठ वर्षांच्या गोदीने लोटा पुन्हा भरला आणि एका दमात संपवला. "तुरट आहे, काकी," ती हसली. रामकुंवरने विहिरीत घागर सोडली. तिच्यामागे रांग लागली. विसाजी मात्र लेकीच्या जांभळ्या ओठांकडे बघत राहिला.