ठसका

तान्हं पोर गेलं त्या दिवसापासून जोतीराम आपल्या बायकोला, सारजाला, सैतान म्हणत होता. जेवताना म्हणायचा, मोटर चालू करताना म्हणायचा, झोपेतही म्हणायचा. आज भर दुपारी, पळसदेव गावातल्या घरात, त्यानं तिला धुरी द्यायला बसवलं. घमेल्यात निखारे होते, शेजारी सुक्या मिरच्यांचं पोतं. ज्याला धुरीनं ठसका लागत नाही त्याच्या अंगात सैतान, हे सगळ्या भावकीला पाठ. भावकी बघायला जमली होती, जत्रेला जमावी तशी.

सारजाचा भाऊ दादासो बारामतीला पास्टर होता. तो मध्ये पडला. "दाजी, पुस्तकात धुरी न्हाय, शिंगं न्हाईत, उलटं पाय न्हाईत. सैतान उजेडाच्या दूताचं सोंग घेतो आन् माणसावर रातंदिस दोष ठेवतो. येवढंच लिवलंय."

"तुजं पुस्तक रविवारी, दादासो. आज आमचं," सासू दगडाबाई म्हणाली. माणसं हसली.

मूठभर मिरच्या निखाऱ्यांवर पडल्या आणि सारजाला ठसका लागला. छाती फुटायची वेळ आली, तरी ती आतून सुखावली. लागला! सुटले मी!

दादासो खोकत अंगणात पळाला. भावकी पळाली. दगडाबाई ओकत उंबऱ्याबाहेर पडली.

सारजानं डोळे पुसून वर बघितलं. जोतीराम घमेल्यावर वाकला होता. पापणी लवत नव्हती. तो धूर छाती भरभरून आत घेत होता आणि त्याचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला होता.

"लागला न्हवं मला ठसका," ती कशीबशी म्हणाली.

"व्हय," तो मायेनं म्हणाला. मग त्यानं आतून कडी घातली आणि पोतं जवळ ओढलं.