कातळवाडीचा उलटा ल

चौकशी अहवालात म्हटले होते : "कातळवाडीच्या डोंगरातील पोकळ्या नैसर्गिक असून त्यांत पूर्वापार गुरे बांधली जात. तेथील एकोळी लेख अलीकडे कोरलेला असून त्यास पुरातन मूल्य नाही. सबब डोंगर खडीसाठी देण्यास हरकत नसावी."

प्राध्यापक बुद्धरत्न यांनी हा मजकूर चालत्या घरगाडीत खणखणीत आवाजात वाचला आणि चष्मा पुसला. नैसर्गिक पोकळीला काटकोन कोणी दिले, भिंतीलगतचा दगडी ओटा वाऱ्याने घडवला की पावसाने, आणि दार फिरावे म्हणून उंबऱ्यात खळगा पाडण्याची बुद्धी नेमक्या कोणत्या बैलाला झाली, एवढेच त्यांना अहवालकर्त्यांकडून समजून घ्यायचे होते. लेखाला 'अलीकडचा' म्हणताना तर त्या विद्वानांनी कारण देण्याचीही तसदी घेतली नव्हती. कारण द्यायला डोंगर चढावा लागतो.

"रंगराव, डिझेल संपलं तर सरांना इंजिनाजवळ बसवा," विजयश्रीबाई म्हणाल्या. "एवढ्या वाफेवर गाडी घाट चढेल."

आकुर्डीच्या महाविद्यालयात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि बुद्धरत्न इतिहास. दोघेही आता निवृत्त. घरगाडी रंगरावांची. कामगारांची ने-आण करणारी जुनी बस त्यांनी भंगारातून उचलली, आत झोपायला बाकडी, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. चाकणला त्यांचा स्वतःचा कारखाना होता. गाड्यांच्या रबरी भागांसाठी लोखंडी साचे तिथे तयार होत. तिघांची मैत्री बुद्धरत्नांच्या लेण्यांवरच्या व्याख्यानांत जमली. रंगराव पहिल्या रांगेत बसत, पुस्तिका विकत घेत आणि शंका विचारून सरांना घाम फोडत.

चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे गाडी खोळंबली. रंगरावांनी आरशात बघून मागच्या ट्रेलरच्या कपाळावरचे नाव सहज वाचले आणि त्याच्या मालकाची टिंगल केली. विजयश्रीबाईंना तेच नाव वाचायला मान वळवावी लागली.

त्यानंतर मात्र रंगरावांचा उत्साह मावळला, आणि बुद्धरत्नांना याचे कोडे पडले. डोंगर रंगरावांच्या गावचा. पायथ्याला त्यांच्या बहिणीचे, सारजाबाईंचे घर आणि विहीर. उद्याच्या सुनावणीत लेख सिद्ध झाला तर डोंगर वाचणार. नाही झाला तर सुरुंग लागणार. अशा वेळी या माणसाने उत्साहाने फुलून यावे. त्याऐवजी त्याने तीनदा तेच सुचवले होते, की सरांनी ओटा दाखवावा, पाण्याचं टाकं दाखवावं, त्या ओळीचं राहू द्यावं.

"ओळ नको?" बुद्धरत्नांनी विचारले. "अहो, ओट्याला ते उद्या गव्हाण म्हणतील. ओळीला काय म्हणणार?"

रंगरावांनी गिअर बदलला.

डोंगर फारसा उंच नव्हता. लेण्यात गारवा होता. गेल्या पावसाळ्यानंतर सारजाबाई आतली काजळी खरवडत होत्या तेव्हा ती ओळ उजेडात आली, असे रंगरावांनीच सर्वांना सांगितले होते. त्याआधी बुद्धरत्न इथे कैकदा आले होते आणि काजळीला हात न लावता परतले होते. ही चुटपुट त्यांना अजून होती.

विजयश्रीबाईंनी विजेरी तिरकी धरून छायाचित्रे घेतली. ओळ छोटी, ब्राह्मी लिपीतली होती : कोण्या गृहस्थाने दिलेले दान, आणि शेवटचा शब्द 'लेण'. त्यातला 'ल' आरशात पाहावा तसा उलटा होता.

"सर, ते नेमकं हेच अक्षर पुढे करतील," त्या म्हणाल्या. "मलासुद्धा त्याचा उलगडा होत नाही."

बुद्धरत्नांनाही झाला नव्हता. अनेक रात्री त्यांनी त्यावर घालवल्या होत्या. ओळ डावीकडून, उजवीकडून वाचून पाहिली होती, तर्काने पार परदेशी कारागिरांपर्यंत जाऊन आले होते. पण न उलगडलेल्या गोष्टीतूनच त्यांना अखेर शस्त्र सापडले होते.

"करू द्या पुढे," ते शांतपणे म्हणाले. "नक्कल करणारा समोर पुस्तक ठेवतो. तो असा चुकत नाही. असा चुकतो तो, ज्याच्या हाताला स्वतःचं वळण असतं. म्हणजे जन्मभर छिन्नी धरलेला कारागीर. हा उलटा ल माझा पहिला साक्षीदार आहे. उद्या मी शपथेवर हेच सांगणार."

"शपथेवर?" रंगरावांनी विचारले.

"शपथेवर. माझ्या नावाची सगळी पुण्याई त्या एका अक्षरावर ठेवून."

रंगराव ओट्यावर टेकले. मग उठून भिंतीजवळ गेले आणि त्या अक्षरावर त्यांनी अंगठा ठेवला. तो तिथे नीट बसला. ते पाठमोरेच राहिले. बोलले तेही भिंतीशीच बोलल्यासारखे.

"लेणं जुनंच हाय, सर, त्यात खोट न्हाई. पर तुमीच म्हनला व्हता, एक ओळ घावली असती तर डोंगर वाचला असता. म्हनून तुमच्या पुस्तिकेत बघून मी कोरली आन् काजळी फासली. शेवटाला अंधारून आलं, पुस्तक दिसंना, आन् हात आपल्या सवयीनं गेला. साच्यात आमी अक्षरं उलटीच कोरतो, सर."