दोन टोकांचा मुलगा

एक माणूस एका वेळी एकाच जागी असू शकतो. हा विश्वाचा नियम आहे आणि या शाळेचाही, असं मुख्याध्यापकांनी संगणकाच्या सरांना तिसऱ्यांदा सुनावलं. पडद्यावर मात्र मोठ्या कानांचा एकच मुलगा फोटोच्या डाव्या टोकाला उभा होता आणि उजव्या टोकालाही.

“शनिवारी माजी विद्यार्थी येतायत. आधी हा घोळ निस्तरा, मग तुमच्या कायम नेमणुकीचं बघू.”

सरांच्या हंगामी नोकरीचं हे सहावं वर्ष होतं.

फोटो पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा. सहाशे मुलं अर्धगोलात उभी करून, तिवईवरचा कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत काढलेला.

“पण नकाशात शाळेचा फोटो घालायला सांगितलं कुणी?” घरी सरांच्या बायकोनं विचारलं.

“एवढा मोठा फोटो फोनवर उघडतच नाही. नकाशासारखे तुकडे केले की थेट चेहऱ्यापर्यंत जाता येतं. पण त्या नकाशाच्या प्रोग्रामला वाटतं, पृथ्वी गोल आहे.”

“आहेच ना.”

“फोटो सपाट आहे गं! उजवीकडे सरकत गेलं की डावं टोक पुन्हा सुरू होतं.”

सरांनी पृथ्वी सपाट केली. अक्षांश-रेखांश काढून साधी लांबी-रुंदी घातली, तेव्हा मागच्या रांगेतली ताणलेली डोकी माणसांत आली. पुनरावृत्ती बंद केली. आता फोटो एकदाच दिसत होता. मुलगा दोनदा.

शुक्रवारी त्यांनी नीट पाहिलं. डावीकडे भांग पाडलेला, दोन्ही पायांत बूट. उजवीकडे केस विस्कटलेले, तोंड उघडं, बूट एकच.

“सर, प्रोग्राम आता बूटही खातोय,” त्यांनी रडकुंडीला येऊन कळवलं.

मुख्याध्यापकांचे कान लाल झाले. रागानं, असं सरांना वाटलं.

“मीही याच शाळेत शिकलो. आमच्या वेळी जागेवरून कुणी हलत नसे. तो उजवीकडचा पुसून टाका.”

“शेजारच्याचा हात जातो, सर.”

“मग नेमणुकीचं पत्र विसरा.”

शनिवारी सर्वांत आधी एक टकले माजी विद्यार्थी आले. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. डावं टोक पाहिलं, उजवं पाहिलं, आणि खदाखदा हसत मुख्याध्यापकांच्या पाठीत थाप घातली.

“काय रे ससोबा, कॅमेऱ्यामागून पळताना पडलेला बूट मिळाला का मग?”

सरांच्या पत्रावर जेवणाआधी सही झाली.