बाळंतशेपेचा वास

शेप भाजल्याचा वास अंगणापर्यंत आला तशी शेजारची मंगलाबाई पापड लाटता लाटता हसली. "काय वं धनकंवर, कोन बाळंतीन शे तुमना घरमा?"

धनकंवरही हसली. मग तिच्या हातातलं लाटणं थांबलं. तिचं स्वतःचं धाकटं मूल आता नवऱ्याच्या, घेवरचंदच्या, किराणा दुकानाच्या पायऱ्या चढत होतं. घरात दुसरी तरणी बाई म्हणजे जाऊ सुगन. आणि सुगनचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती.

मंगलाबाई गेल्यावर धनकंवर आत आली. सुगन भिंतीकडे तोंड करून काहीतरी चघळत होती. धनकंवरने तिची मूठ ओढून उघडली. आत बाळंतशेप होती.

अठ्ठावन्न सालच्या शहाद्यात मारवाड्यांच्या विधवेला घराबाहेर काढायला एवढं पुरे होतं. सासू धापूबाईने यंदा चातुर्मासभर सुगनला तापीकाठच्या प्रकाशा गावी स्नानासाठी नेलं होतं, मोठ्या सुनेला मागे ठेवून. ते धनकंवरला तेव्हापासून सलत होतं. आता सगळं जुळलं.

ती सासूपुढे जाऊन उभी राहिली. उद्याच पंच बोलवा, हिला घालवा, नाहीतर मीच चारचौघांत सांगते, म्हणाली. धापूबाईने पोटात वारा धरल्याचं सांगून पाहिलं.

"वाऱ्याला ओवा असतो, सासूजी. भाजीला नुसतं शेपू म्हणतात. बी बाळंतिणीला देतात, म्हणून ती बाळंतशेप. कुणी खायची ते नावातच आलं."

धापूबाईने दार लोटून घेतलं. सुगनने पदराचा बोळा तोंडात धरला.

"मुलगी होती," धापूबाई म्हणाली. "प्रकाशाला झाली. टिकली नाही."

"मग पंचांना बापाचं नावही विचारू द्या हिला."

धापूबाईने सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कीव होती, आणि तिनेच धनकंवर बिथरली. नाव काय त्याचं, म्हणून तिने पुन्हा विचारलं.

"मी शेप मागितली नव्हती, बींदणी," धापूबाई हळू आवाजात थोरल्या सुनेला म्हणाली. "घेवरचंदने आपणहून पुडी आणून माझ्या हातात ठेवली. तुझ्या बाळंतपणात ठेवायचा, तशीच."