छत्तीस फूट

फोन पुन्हा वाजला आणि संगणकाने तो उचलला. "पाणी छत्तीस फूट. धोका नाही." तो ठेवतो न ठेवतो तोच पुढचा. दुपारपासून हेच चाललं होतं. धरणाखालची अख्खी वस्ती जीव मुठीत धरून एकच प्रश्न विचारत होती आणि मशीन न कंटाळता एकच उत्तर देत होतं.

धरणाचा राखणदार पडद्यासमोर बसून होता. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. खिडकीपलीकडे हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. तरी आकडा जागचा हलत नव्हता. दारं उघडी आहेत, येतंय तेवढं पाणी निघून जातंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. पाणी काठावरून जायचं ते चाळिसाला. अजून चार फूट होते.

त्याला धाकट्या बहिणीची काळजी वाटत होती. तिचं घर वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला, आणि ती लहानपणापासूनच पाण्याला भिणारी. मशीनच्या बोलण्याने तिचं कसलं समाधान होतंय! आपणच धीराचे दोन शब्द बोलावेत म्हणून त्याने संगणकामागची फोनची वायर उपटली आणि टेबलावरच्या साध्या फोनला जोडली.

पडद्यावरचा आकडा लुकलुकला. छत्तीसचे एकदम एक्केचाळीस झाले.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या खेपेला आलेला मेकॅनिक बजावून गेला होता, "पाणी मोजणारं कार्ड आणि हे फोनचं नवं कार्ड, दोन्ही एकाच इंटरप्टवर आलीयेत. म्हणजे मशीनला हाक मारायला दोघांत घंटी एकच. फोनचं कार्ड बोलत असलं, की पाण्याच्या कार्डाची हाक मशीनला ऐकूच जात नाही." त्यावर साहेब हसले होते. "दिवसाकाठी दोन फोन येतात. कशाला उगाच खोलाखोली?"

आज फोन थांबलाच नव्हता. लोक जितकं विचारत होते, तितकं मशीन बहिरं होत होतं.

त्याचा हात भिंतीवरच्या भोंग्याच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. फोनवर मशीन बोलायला लागल्यावर 'आता भोंगा कशाला' म्हणून साहेबांनी तो उतरवून नेला होता.

त्याने बहिणीचा नंबर फिरवला. तिने लगेच उचलला.

"हॅलो, ऐक—"

"दादा! बरं झालं फोन केलास." ती हसत होती. मागे पोरांचा गलका चालला होता. "अरे, घाबरून आम्ही सगळे टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसलो होतो. तिथून ज्याने त्याने तुझ्या मशीनला फोन लावून खात्री करून घेतली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आत्ताच सगळे खाली घरी आलोय बघ."